दिसत नसताना हातही दुखावला तर: स्मार्टफोन पुन्हा वापरता येण्यासाठी करायची मांडणी

डोळस माणसाच्या हाताला प्लास्टर लागले, तरी टेबलावर ठेवलेल्या फोनचा पडदा त्याला वाचता येतो. अंध व्यक्तीचे वाचणेच बोटांवर अवलंबून असते, त्यामुळे हात दुखावला की वाचणे, लिहिणे, फोन घेणे, पैसे पाठवणे आणि वाट विचारणे ही सगळी कामे एकदमच अडतात. त्याच हाताने पांढरी काठी धरायची असते आणि ब्रेलही वाचायचे असते. म्हणून फोनवर खर्च होणारी हाताची ताकद वाचवणे ही चैन नाही, गरज आहे.

खरी अडचण अशी आहे की फोनमधल्या सोयी दोन वेगवेगळ्या कप्प्यांत तयार झाल्या आहेत. आयफोनमधले व्हॉइसओव्हर किंवा अँड्रॉइडमधले टॉकबॅक यांसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, बोटे धडधाकट आहेत असे धरून चालतो. झटपट डबल टॅप, तीन बोटांचे स्वाइप, दोन बोटांनी फिरवायचा रोटर (काय वाचत पुढे जायचे ते निवडण्याची अदृश्य चकती) ही त्याची भाषा आहे. हातांच्या अडचणीसाठी केलेल्या सोयी याउलट डोळे शाबूत आहेत असे धरून चालतात. बोलून फोन चालवू देणारे व्हॉइस ॲक्सेस पडद्यावर आकडे दाखवते, असिस्टिव्हटच एक तरंगते बटण दाखवते आणि आय ट्रॅकिंगला तर नजरच लागते. दोन्ही अडचणी एकत्र आल्या की एकही कप्पा जसाच्या तसा पुरत नाही. दोन्हींतले नेमके तुकडे निवडून आपली स्वतःची मांडणी करावी लागते आणि ती कोणत्या क्रमाने करावी, हे पुढे दिले आहे. सेटिंग्जची नावे आणि जागा फोनच्या कंपनीनुसार व आवृत्तीनुसार थोड्या बदलतात. नाव सापडले नाही, तर सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत ते बोलून पाहावे.

पहिली पायरी: हाताला काय जमते ते नीट ठरवा

‘हात चालत नाही’ एवढ्यावर कोणतीही सेटिंग निवडता येत नाही. एका हाताला प्लास्टर असून दुसरा हात पूर्ण चांगला असणे, दोन्ही अंगठ्यांच्या शिरा सुजलेल्या असणे, भाजल्यामुळे बोटांच्या टोकांची संवेदना गेलेली असणे, एखादे बोट कापले गेलेले असणे आणि हात थरथरणे या पाच अगदी निरनिराळ्या परिस्थिती आहेत, आणि त्यांची उत्तरेही निरनिराळी आहेत. डॉक्टरांना किंवा हाताच्या व्यायामोपचार तज्ज्ञांना फोनवरच्या हालचाली करून दाखवा आणि कोणती चालेल, कोणती मुळीच करायची नाही, हे स्पष्ट विचारून घ्या. ‘फोन वापरू का?’ असे विचारले, तर उत्तर मोघमच मिळते. ‘अंगठ्याने दिवसभर बाजूला फटकारे मारायचे असतात आणि दोन बोटे एकमेकांभोवती फिरवायची असतात’ असे सांगितले, तर उपयोगी उत्तर मिळते, कारण अंध व्यक्ती फोन कसा हाताळते हे बहुतेक डॉक्टरांनी पाहिलेले नसते.

मग घरी तपासा. एका बोटाने टेकवणे जमते का? लागोपाठ दोनदा टेकवणे? बोट न उचलता सरकवणे? झटक्यात स्वाइप करणे? दोन किंवा तीन बोटे एकाच वेळी टेकवणे? बाजूचे बटण दाबून धरणे? हाताखेरीज आवाज, मान, कोपर, गुडघा आणि पाय यांचाही विचार करा. टचस्क्रीनला बोटच लागते असे नाही, वीज वाहून नेणारी त्वचा लागते. बोटाचे मधले पेर, करंगळीची कड, पायाचा अंगठा, इतकेच काय नाकाचे टोकही चालते. चालत नाही ते कोरडे बँडेज, प्लास्टर आणि साधे कृत्रिम बोट. रबरी टोकाचा स्टायलस बँडेजमध्ये खोचला की चालेनासा होतो, त्याचेही कारण हेच आहे. त्याची धातूची दांडी कुठेतरी उघड्या त्वचेला टेकलेली असावी लागते. व्रण पडून त्वचा जाड किंवा कोरडी झाली असेल आणि फोन स्पर्श ओळखत नसेल, तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी किंवा स्क्रीन प्रोटेक्टर मोड असा पर्याय आहे का ते पाहा. तो अनेक अँड्रॉइड फोनमध्ये असतो आणि पडद्याची संवेदनक्षमता वाढवतो.

दुसरी पायरी: काही बदलण्याआधी परतीचा रस्ता तयार ठेवा

ही पायरी कोणीही गाळू नये. नवी सेटिंग करताना स्क्रीन रीडर बंद पडला किंवा जेश्चर, म्हणजे बोटांच्या ठरावीक हालचाली, ओळखेनासा झाला, तर दुखऱ्या हातांनी तो पुन्हा सुरू करणे फार अवघड असते. टॉकबॅकसाठी आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद दाबून धरावी लागतात. आयफोनवर बाजूचे किंवा होम बटण पटापट तीनदा दाबावे लागते आणि त्यासाठी ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकटमध्ये व्हॉइसओव्हर आधी निवडलेले असावे लागते. म्हणून आवाजाने हे काम होते आहे ना, हे सर्वांत आधी पाहा. स्क्रीन रीडर मुद्दाम बंद करा, सिरीला ‘टर्न ऑन व्हॉइसओव्हर’ किंवा गुगल असिस्टंटला ‘टर्न ऑन टॉकबॅक’ असे सांगून पुन्हा सुरू करा, आणि फोनचे कुलूप लागलेले असतानाही ते होते का ते तपासा.

पहिली मांडणी एकट्याने करण्याचा आग्रह धरू नका. एखाद्या विश्वासू डोळस व्यक्तीला तासभर शेजारी बसवले, तर तिचे हात आणि तुमचा निर्णय असे काम वेगाने होते. मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: मदतनीसाने स्क्रीन रीडर बंद करून स्वतःच्या सवयीने सगळे उरकू नये. तो चालू ठेवून, प्रत्येक बदल तुम्हाला ऐकू येईल अशा रीतीने करावा, म्हणजे पुढे तो बदल तुम्हाला स्वतः शोधून काढता येईल.

तिसरी पायरी: फोन हातातून खाली ठेवा

बहुतेक अंध व्यक्ती फोन एका हातात, तोंडाजवळ किंवा कानाजवळ धरतात आणि त्याच हाताच्या अंगठ्याने किंवा दुसऱ्या हाताच्या बोटाने स्वाइप करतात. आजचे बरेचसे फोन दीडशे ते अडीचशे ग्रॅम वजनाचे असतात. तेवढे वजन तासन् तास पेलणे आणि शिवाय फटकारे मारणे मनगटाला झेपत नाही. पडदा पाहायचा नसल्यामुळे फोन डोळ्यांसमोर धरण्याची अंध व्यक्तीला मुळीच गरज नसते. हा तिचा मोठा फायदा आहे आणि तो पुरेपूर घ्यावा.

फोन टेबलावर, मांडीवर किंवा पलंगाच्या कडेला न घसरणाऱ्या रबरी चटईच्या तुकड्यावर सपाट ठेवा. आवाजासाठी एका कानात इयरफोन घाला, किंवा कान मोकळे ठेवणारे, हाडांतून आवाज पोचवणारे हेडफोन वापरा. हात टेबलावर टेकलेला राहिला, की हालचाल खांद्यापासून करता येते आणि बोटांना कमी काम उरते. कडा किंचित उंच असलेले कव्हर घ्या, म्हणजे पडदा कुठे संपतो ते बोटाच्या कोणत्याही भागाला कळते. बोटांची संवेदना गेली असेल, तर पडद्याची कड त्या हाताने शोधू नका. चांगल्या हाताचे बोट किंवा मनगटाची आतली बाजू वापरा. कंपने जाणवत नसतील, तर स्क्रीन रीडरच्या सेटिंगमध्ये ध्वनिसंकेत चालू आहेत याची खात्री करा, कारण जे कंपनातून कळत होते ते आता आवाजातून कळायला हवे.

चार्जिंगचाही विचार आत्ताच करावा. बारीक पिन नेमक्या तोंडात बसवणे हे दोन हातांचे आणि संवेदनशील बोटांचे काम आहे. वायरलेस चार्जरवर फोन नुसता टेकवता येतो. चुंबकाने चिकटणारा चार्जर आणखी सोयीचा, कारण साध्या चार्जिंग पॅडवर फोन थोडासा सरकला तरी चार्जिंग थांबते आणि ते लगेच लक्षात येत नाही.

चौथी पायरी: स्पर्शांची संख्या कमी करा

जेश्चर बदलण्याआधी ते कमी करणे जास्त महत्त्वाचे आहे. उजवीकडे स्वाइप करत एकेक घटक ऐकत जाण्याची सवय बहुतेकांना असते आणि तीच हाताला सर्वांत जास्त शिणवते. एका लांब पानावर शंभर फटकारे सहज होतात.

आयफोनवर दोन बोटे खाली सरकवली, की आहे तिथून शेवटपर्यंत वाचन सुरू होते. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात चार बोटांनी एकदा टेकवले तर पहिला घटक आणि खालच्या अर्ध्यात टेकवले तर शेवटचा घटक मिळतो. दोन बोटांनी तीनदा टेकवले की आयटम चूझर उघडतो, म्हणजे त्या पानावरच्या सर्व घटकांची यादी मिळते आणि तिथे शोधशब्द टाकून थेट हव्या त्या बटणावर जाता येते. टॉकबॅकमध्ये वाचननियंत्रण ‘हेडिंग’वर ठेवून वर-खाली स्वाइप केले, तर मधला सगळा मजकूर ओलांडला जातो. नेहमीच्या ॲपमधली बटणे कुठे असतात ते पाठ करून थेट तिथेच बोट टेकवणे ही सवय आता जाणीवपूर्वक लावून घ्या. पाठवण्याचे बटण खाली उजवीकडे, मागे जाण्याचे बटण वर डावीकडे अशा जागा सहसा कायम असतात. जास्त लागणारी ॲप्स होम स्क्रीनच्या चार कोपऱ्यांत ठेवा, कारण कव्हरच्या कडांमुळे कोपरा शोधणे सर्वांत सोपे असते.

स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा, म्हणजे कुलूप उघडण्याचे कष्ट कमी होतात. ज्या ॲप्सच्या सूचना ऐकायच्याच नसतात त्या बंद करा. प्रत्येक सूचना म्हणजे बाजूला सारण्याचा आणखी एक स्पर्श असतो. अँड्रॉइडवर ‘टाइम टू टेक ॲक्शन’ ही सेटिंग दोन मिनिटांपर्यंत वाढवता येते आणि काही क्षणांत नाहीसे होणारे संदेश त्यामुळे जास्त वेळ थांबतात.

पाचवी पायरी: उरलेले जेश्चर आपल्या हाताला बसतील असे करा

आयफोनवर सर्वांत मोठा फरक ज्या सेटिंगने पडतो ती फारशी कोणाला माहीत नसते. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हॉइसओव्हर आणि तिथे ‘डबल-टॅप टाइमआउट’. मूळ वेळ पाव सेकंदाची असते, म्हणजे दुसरा टॅप तेवढ्या अवधीत पडला नाही तर व्हॉइसओव्हर ते दोन वेगळे स्पर्श समजते. सुजलेल्या किंवा थरथरत्या बोटाला पाव सेकंद पुरत नाही. ही वेळ हळूहळू वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी एखादे ॲप उघडून पाहा. फार वाढवली तर फोनचा प्रतिसाद मंद वाटू लागतो, म्हणून हाताला पुरेल तिथेच थांबा.

डबल टॅप अजिबातच जमत नसेल, तर स्प्लिट टॅप करून पाहा. एक बोट हव्या त्या घटकावर टेकवून धरायचे आणि पडद्यावर दुसरीकडे कुठेही दुसऱ्या बोटाने एकदा टेकवायचे. पहिले बोट दुखऱ्या हाताचे असले तरी चालते, कारण त्याला फक्त टेकून राहायचे असते. टेकवण्याचे काम दुसऱ्या हाताच्या पेराने होते. रोटरसाठीही दोन हातांचे एकेक बोट वापरता येते, एकाच हाताची दोन बोटे पिळण्याची गरज नाही.

आयओएस १३ पासून व्हॉइसओव्हरचे जेश्चर बदलता येतात. व्हॉइसओव्हरच्या सेटिंगमध्ये ‘कमांड्स’ उघडा, ‘टच जेश्चर्स’ निवडा आणि जो जेश्चर तुम्हाला सहज जमतो त्याला तुमचे सर्वांत जास्त लागणारे काम द्या. मागे जाण्यासाठी दोन बोटांनी इंग्रजी झेडसारखी रेघ ओढावी लागते आणि दुखऱ्या मनगटाला ती फार जड जाते. तेच काम दोन बोटांच्या एखाद्या साध्या स्वाइपला देता येते.

आयफोन ८ आणि त्यानंतरच्या फोनवर, आयओएस १४ पासून, बॅक टॅप मिळते. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टच, बॅक टॅप. फोनच्या पाठीवर दोनदा किंवा तीनदा ठोकले की ठरवलेले काम होते. इथे बोटाचे टोक लागत नाही. पेर, मूठ किंवा प्लास्टरची कडही चालते, कारण फोन त्वचा ओळखत नसून ठोका ओळखतो. फेस आयडी असलेल्या आयफोनवर खालच्या कडेवरून बोट वर सरकवत, कंपन जाणवले की सोडायचे, हा होमचा जेश्चर संवेदना गेलेल्या बोटाने साधत नाही. म्हणून दोन ठोक्यांना ‘होम’ आणि तीन ठोक्यांना ‘सिरी’ द्यावे, असे माझे मत आहे. फोन सपाट ठेवून वापरत असाल, तर बॅक टॅपसाठी तो स्टँडवर उभा करावा लागेल.

अँड्रॉइडवर टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये ‘कस्टमाइझ जेश्चर्स’ आहे. टॉकबॅकचे बरेच मूळ जेश्चर काटकोनी आहेत: मागे जाण्यासाठी खाली आणि मग डावीकडे, होमसाठी वर आणि मग डावीकडे. मनगट वळत नसेल तर हे काटकोन चुकतात आणि भलतेच काम होते. अँड्रॉइड ११ पासून पुढे टॉकबॅकमध्ये दोन, तीन आणि चार बोटांचे जेश्चरही आले आहेत. तीन बोटे नुसती टेकवणे जमत असेल, तर काटकोनी जेश्चरांची कामे तिकडे हलवा. एकच बोट चालत असेल, तर उलट करा आणि बहुबोटी जेश्चरांची कामे सरळ व परत अशा एकबोटी स्वाइपना द्या. काही फोनमध्ये बोटाच्या ठशाच्या सेन्सरवर स्वाइप करूनही टॉकबॅकला आदेश देता येतो. सेन्सर फोनच्या पाठीवर असेल, तर ही सोय एका चांगल्या बोटासाठी उत्तम आहे.

सहावी पायरी: आवाजावर किती भिस्त ठेवायची

आवाजाचे दोन प्रकार वेगळे समजून घ्यावेत. सिरी आणि गुगल असिस्टंट एखादे पूर्ण काम उरकतात: फोन लावणे, संदेश पाठवणे, गजर लावणे, ॲप उघडणे. दुसरा प्रकार पडद्यावरची प्रत्येक हालचाल आवाजाने करण्याचा. पहिल्या प्रकाराला पडदा लागत नाही, त्यामुळे अंध व्यक्तीला तो लगेच उपयोगी पडतो. सिरीला ‘कॉल … ऑन स्पीकर’ असे सांगितले, की स्पीकरचे बटण शोधावे लागत नाही. सिरी वाक्य अर्धवट तोडत असेल, तर ॲक्सेसिबिलिटीमधल्या सिरीच्या सेटिंगमध्ये थांबण्याची वेळ वाढवता येते. शॉर्टकट्स ॲपमध्ये किंवा गुगल असिस्टंटच्या रूटीनमध्ये अनेक कामे एका वाक्याला जोडता येतात. दिवसातून वारंवार करावी लागणारी एखादीच साखळी निवडून ती आधी जोडा.

दुसऱ्या प्रकारात टॉकबॅकचे स्वतःचे आवाजी आदेश आहेत. एका बोटाने उजवीकडे व मग वर असा जेश्चर केला, की फोन ऐकू लागतो. मग ‘रीड फ्रॉम टॉप’, ‘नेक्स्ट हेडिंग’, ‘गो बॅक’ असे छोटे आदेश देता येतात, किंवा ‘फाइंड’ म्हणून त्यापुढे हवा तो शब्द सांगता येतो. ‘फाइंड’ हा आदेश सर्वांत आधी शिकावा, कारण तो एकाच फेरीत अनेक स्वाइप वाचवतो. हा ऐकण्याचा जेश्चर हाताला सर्वांत सोप्या असलेल्या जेश्चरवर आणून ठेवा.

आयफोनवर व्हॉइस कंट्रोल, म्हणजे बोलून पडदा चालवण्याची सोय, आणि व्हॉइसओव्हर एकत्र चालू ठेवता येतात. व्हॉइस कंट्रोल आयओएस १३ मध्ये आले. त्याच्या आदेशांच्या यादीत व्हॉइसओव्हरसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि स्वतःचे आदेशही तयार करता येतात. ‘शो नंबर्स’सारखे आकडे दाखवणारे आदेश सोडून द्या, बटणाचे जे नाव व्हॉइसओव्हर वाचून दाखवते तेच ‘टॅप’ या शब्दानंतर बोला. ‘गो टु स्लीप’ आणि ‘वेक अप’ हे दोन आदेश पाठ ठेवा, नाहीतर घरातले बोलणेही आदेश म्हणून घेतले जाऊ शकते. स्क्रीन रीडरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून गोंधळ होतो, म्हणून इयरफोन इथे जवळपास अनिवार्यच आहे.

तरीही केवळ आवाजावर सगळे टाकू नये. गर्दीत, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, घसा बसलेला असताना किंवा खासगी बोलणे असताना आवाज उपयोगी पडत नाही. प्रत्येक अत्यावश्यक कामासाठी आवाजाचा एक मार्ग आणि स्पर्शाचा किंवा बटणाचा एक मार्ग तयार असावा.

लिहिण्यासाठी

मराठी मजकूर लिहायला जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डचे बोलून टंकन हा सध्या सर्वांत कमी श्रमाचा मार्ग आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा घालून घ्या. आयफोनच्या स्वतःच्या कीबोर्डवर बोलून लिहायचे असेल, तर मजकुराच्या चौकटीत असताना दोन बोटांनी दोनदा टेकवले की श्रुतलेखन सुरू होते आणि तसेच केले की थांबते, मायक्रोफोनचे बटण शोधावे लागत नाही. बोलून लिहिलेला मजकूर पाठवण्याआधी एकदा ऐकाच. नावे आणि आकडे यांत चुका होतात.

बोलणे शक्य नसेल तेव्हा आयफोनवर टायपिंगची पद्धत ‘टच टायपिंग’ करा: बोट कीबोर्डवर सरकवत न्यायचे आणि हवे ते अक्षर ऐकू आले की उचलायचे, म्हणजे डबल टॅप वाचतो. थरथरत्या हाताला मात्र हे त्रासदायक ठरते, कारण बोट उचलताना शेजारच्या अक्षरावर सरकते. त्यांनी दोनदा टेकवण्याचीच पद्धत आणि वाढवलेला टाइमआउट ठेवावा. पडद्यावरच्या ब्रेल टंकनाला दोन्ही हातांची मिळून सहा बोटे लागतात, त्यामुळे एका हाताच्या दुखापतीतही ते बाद होते. ब्रेल डिस्प्लेचे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत उमटवणाऱ्या जोडउपकरणाचे, तसे नाही. त्याच्या बटणांनी सगळा फोन चालवता येतो आणि काही डिस्प्लेमध्ये एका हाताने, ठिपके एकेक करून दाबण्याची सोय असते. ज्यांचे वाचणारे बोट शाबूत आहे त्यांनी हा मार्ग जरूर तपासावा.

सातवी पायरी: बटणे, कीबोर्ड आणि स्विच

दुखापत महिनोन् महिने चालणारी किंवा कायमची असेल, तर ब्लूटूथ कीबोर्ड घेण्यासारखी दुसरी गुंतवणूक नाही. बटण दाबताना बोट अचूक जागी सरकवावे लागत नाही, दाब पेराने किंवा मुठीत धरलेल्या काडीनेही देता येतो आणि चूक झाली तर लगेच कळते. व्हॉइसओव्हरमध्ये क्विक नॅव्ह चालू केले, की नुसत्या बाणांच्या बटणांनी पुढे-मागे जाता येते. टॉकबॅकही कीबोर्डवरून चालते. एकाच वेळी दोन-तीन बटणे धरणे जमत नसेल, तर ‘स्टिकी कीज’ चालू करा, म्हणजे ती एकामागून एक दाबली तरी चालतात. ‘स्लो कीज’मुळे चुकून लागलेला धक्का दुर्लक्षिला जातो. रिव्हो नावाचा छोटा कीपॅड खास स्क्रीन रीडरसाठीच बनवलेला आहे आणि तो टेबलावर ठेवून एका हाताने चालवता येतो. हेबल वन हा ब्रेल कीबोर्ड असून तो दोन्ही हातांत धरून वापरायचा असतो, म्हणून एकच हात चालत असेल तर तो घेण्याआधी प्रत्यक्ष हाताळून पाहा.

बोटे जवळपास चालतच नसतील, तर स्विचकडे वळावे लागते. कोपराने, गुडघ्याने किंवा पायाने दाबायचे मोठे ब्लूटूथ बटण फोनला जोडता येते. आयफोनचे स्विच कंट्रोल आणि अँड्रॉइडचे स्विच ॲक्सेस पडद्यावर चौकट फिरवतात, पण दोन्हींमध्ये ती चौकट कुठे आली ते बोलून सांगण्याची सेटिंग आहे. ती आधी चालू करा. चौकट आपोआप पुढे सरकण्याचा वेग सुरुवातीला बराच कमी ठेवा, कारण ऐकून निर्णय घ्यायला पाहून घेण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शक्य असेल तर दोन स्विच घ्या, एक पुढे जाण्यासाठी आणि एक निवडण्यासाठी. त्यामुळे वेळेचा ताण उरत नाही.

आयओएस १५ पासून तोंडाने केलेले ठरावीक आवाज स्विच म्हणून वापरता येतात आणि अँड्रॉइड १२ पासून चेहऱ्याच्या हालचाली, जसे हसणे, भुवया उचलणे, तोंड उघडणे. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या सोयींना खोलीत दिवा लावलेला असावा लागतो आणि चेहरा कॅमेऱ्यासमोर असावा लागतो. दिवा लावण्याची सवय नसलेल्या घरात संध्याकाळी अचानक ‘फोन चालेना’ असे वाटते, ते यामुळे. म्हणून दिवसाउजेडी चाचणी झाली तरी रात्रीही एकदा करून घ्या.

कुलूप, ओटीपी आणि पैसे

बँडेजखालचे बोट फोनला ओळखता येत नाही आणि भाजल्यावर किंवा टाके पडल्यावर जुना ठसा जुळत नाही. दुसऱ्या हाताची बोटे नोंदवा आणि चांगल्या बोटाची नोंद दोनदा, दोन वेगळ्या कोनांतून करा. फेस आयडी वापरत असाल, तर ‘रिक्वायर अटेन्शन’ बंद आहे का ते पाहा, कारण चालू असताना फोन नजर रोखली जाण्याची वाट पाहतो. हा पर्याय बंद केल्यावर झोपेतही चेहरा दाखवून कुलूप उघडू शकते, हे लक्षात घेऊनच निर्णय घ्या. अँड्रॉइडवर ‘एक्स्टेंड अनलॉक’ने घरासारख्या विश्वासू जागी किंवा हेडसेट जोडलेला असताना फोन उघडा ठेवता येतो.

पासवर्ड मॅनेजर आणि मेसेजमधून ओटीपी आपोआप भरला जाण्याची सोय चालू ठेवा. घाईने आकडे टंकणे दुखऱ्या हाताला सर्वांत कठीण जाते. मदतनीस कितीही जवळचा असला, तरी पिन आणि ओटीपी त्याला सांगायची वेळ येऊ नये, यासाठीच ही तयारी आहे.

फोन घेणे आणि आणीबाणी

दोन बोटांनी दोनदा टेकवणे हा जेश्चर व्हॉइसओव्हर आणि टॉकबॅक दोन्हींमध्ये फोन घेतो आणि ठेवतो. तो पडद्यावर कुठेही करता येतो, त्यामुळे हात आखडलेला असतानाही बऱ्याच जणांना साधतो. आयफोनवर ‘टच’ विभागातल्या ‘कॉल ऑडिओ राउटिंग’मध्ये ठरावीक सेकंदांनंतर फोन आपोआप घेण्याची सोय आहे. ती चालू केली की कोणाचाही फोन घेतला जातो आणि मायक्रोफोन उघडा होतो, म्हणून दवाखान्यात किंवा बैठकीत ती बंद ठेवावी. सॅमसंगच्या फोनवर आवाज वाढवण्याच्या बटणाने फोन घेता येतो आणि बाजूच्या बटणाने ठेवता येतो. फोन धरताना बाजूचे बटण चुकून दाबले जाऊन कॉल तुटत असेल, तर आयफोनवर ‘प्रिव्हेंट लॉक टु एंड कॉल’ चालू करा आणि अँड्रॉइडवर पॉवर बटणाने कॉल संपण्याची सेटिंग बंद करा.

अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनवर पॉवर बटण पाच वेळा दाबले की आणीबाणीचा कॉल सुरू होतो, आणि आयफोनवरही पाच दाबांचा पर्याय चालू करता येतो. पाच झटपट दाब तुमच्या हाताला जमतात का, हे कॉल जाणार नाही अशी काळजी घेऊन तपासा. जमत नसतील, तर सिरी किंवा असिस्टंटला घरच्या व्यक्तीचे नाव सांगून फोन लागतो ना, हे फोन खिशात, उशीखाली आणि दुसऱ्या खोलीत ठेवून पाहा, कारण पडल्यावर फोन हाताशी असेलच असे नाही.

हात सुधारू लागल्यावर

प्लास्टर निघाले की सगळी मांडणी एका दिवसात जुन्यासारखी करू नका. आधी वाढवलेला टाइमआउट थोडा कमी करा आणि दोन-तीन दिवस पाहा. मग एकेक जेश्चर मूळ जागी आणा. सूज किंवा झिणझिण्या परत आल्या, तर शेवटचा बदल मागे घ्या आणि उपचार करणाऱ्यांना सांगा. त्वचा भरून आल्यावर बोटांचे ठसे पुन्हा नोंदवा आणि जुनी नोंद पुसून टाका. आपोआप फोन घेण्याची सोय बंद करायची आठवण ठेवा. टेबलावरची रबरी चटई, बोलून लिहिणे आणि हेडिंगवरून पुढे जाणे या सवयी मात्र मोडण्याचे काहीच कारण नाही.